बेळगाव भागातील तरुण विंगरने 18 व्या वर्षी कोणती वाट धरावी?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यातील आहात, वय 18 पूर्ण आहे आणि पीयूसी सेकंड इयरची (बारावीची) परीक्षा नुकतीच झाली आहे. तुमचा पाय उजवा, जागा डाव्या विंगची, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने आक्रमण करण्याची, आणि आतापर्यंतचे सगळे फुटबॉल शाळेच्या संघातून व बेळगावच्या एका क्लबकडून झालेले आहे. कोल्हापूरच्या एका तालीम मंडळाने एका हंगामासाठी मानधन आणि राहण्याची सोय देऊ केली आहे, बंगळूरच्या सुपर डिव्हिजनमधील (तिथल्या स्थानिक लीगच्या वरच्या गटातील) एका क्लबने ट्रायलला बोलावले आहे, आणि वडिलांचे म्हणणे असे की हे दोन्ही सोडून तुम्ही सैन्यभरतीच्या तयारीला लागावे. आयएसएलपर्यंत, म्हणजे देशातील सर्वांत वरच्या इंडियन सुपर लीगपर्यंत, पोहोचायचे असेल तर यांतून काय निवडावे आणि मुळात उशीर तर झाला नाही ना, असे तुम्ही विचारले आहे.

मी बेळगावात बरीच वर्षे मुलांना फुटबॉल शिकवतो आणि त्यापूर्वी स्वतः विंगवर खेळलो आहे. परीक्षा संपल्या की दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतो, आणि बहुतेक वेळा तो क्लबच्या नावांभोवती फिरतो. माझ्या मते खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. 18 ते 21 या वर्षांत तुम्हाला विंगवर पूर्ण 90 मिनिटांचे सामने किती मिळणार, समोरचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) तुमच्यापेक्षा सरस असणार का, आणि सामना संपल्यावर तुमचे काय चुकले हे सांगणारा माणूस तिथे असणार का, यावर पुढचे बरेचसे ठरते. मोठ्या नावाच्या क्लबमध्ये बेंचवर बसून काढलेला हंगाम विंगरला फार महाग पडतो. बचावपटूला अंगावर घ्यायचे, चेंडू मागे द्यायचा की फुलबॅकच्या पाठीमागे धावायचे, हे क्षणार्धात ठरवावे लागते, आणि ती नजर सरावात शंकूंभोवती चेंडू फिरवून येत नाही. ती सामन्यांतूनच येते.

मी तुम्हाला खेळताना पाहिलेले नाही, त्यामुळे तुम्ही आयएसएलला पोहोचाल किंवा पोहोचणार नाही, यांपैकी काहीही मी सांगू शकत नाही, आणि न पाहता जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. घरची आर्थिक स्थिती कशी आहे, पाठीमागे शेती किंवा दुकान आहे का, पूर्वी गुडघ्याला किंवा मांडीला मोठी दुखापत झाली आहे का, यावरही उत्तर बदलते. एक-दोन वर्षे कमाई नसली तरी घर चालते अशा मुलाला मी जो सल्ला देईन, तो घरात एकटाच मिळवता होऊ शकणाऱ्या मुलाला देणार नाही. तुमच्या पत्रातून मला असे वाटले की घर अडलेले नाही, पण वडिलांना अनिश्चिततेची काळजी आहे. पुढचे सगळे त्या समजुतीवर लिहिले आहे.

आता उशिराबद्दल. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, आणि पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद असा व्यावसायिक प्रवास केला. लहान वयात निवासी व्यवस्थेत शिरून वर जाण्याची ती वाट होती, आणि ती तुमच्यासाठी आता बहुतांशी बंद आहे, हे स्पष्टच सांगतो. बेंगळुरू एफसीची विजयनगरची निवासी अकादमी असो किंवा दुसरी कोणतीही, तिथे मुले तुमच्यापेक्षा बरीच लहान असताना घेतली जातात. पण विंगर त्याच वयात पूर्ण तयार होतो असे मात्र नाही. मिझोरामचा लालियानझुआला छांगटे 2015 मध्ये, 18 व्या वर्षीच भारताच्या मुख्य संघाकडून खेळला, आणि तरीही त्याचा खरा बहर 2022 च्या सुरुवातीला मुंबई सिटीत आल्यानंतरचा आहे. 2022-23 मध्ये तो देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याने पंचविशी गाठली होती. मधली वर्षे तो वेगवान होताच, परंतु वेगाने मिळवलेल्या जागेचे गोलमध्ये रूपांतर करणे त्याला हळूहळू जमत गेले. तेव्हा 18 व्या वर्षी तुम्हाला उशीर झालेला नाही. मात्र पुढची तीन वर्षे वाया घालवण्याइतका अवकाशही तुमच्याकडे नाही.

विंगरसाठी एक अनुकूल गोष्टही आहे. आयएसएलमध्ये 2021-22 च्या हंगामापासून एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानावर ठेवता येतात, आणि क्लब ते चार साधारणपणे मैदानाच्या मधोमधच्या जागांवर वापरतात: स्ट्रायकर, मधल्या फळीचा सूत्रधार, मध्यवर्ती बचावपटू. विंग आणि फुलबॅक या जागा बऱ्याच अंशी भारतीयांच्या वाट्याला येतात. स्ट्रायकर होऊ पाहणाऱ्या भारतीय मुलापेक्षा तुमच्यासमोरचे दार थोडे अधिक उघडे आहे, पण त्याच दारात मणिपूर, मिझोराम, गोवा आणि केरळची अत्यंत वेगवान मुले उभी आहेत. तुम्ही पत्रात स्वतःच्या वेगाबद्दल सर्वांत जास्त लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्या पातळीवर वेग ही तुमची ओळख राहत नाही, तो सगळ्यांकडेच असतो.

तुमच्या खेळात पहिल्यांदा काय पाहीन, ते सविस्तर सांगतो, कारण क्लब निवडण्यापेक्षा हे अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या लाल मातीच्या मैदानांवर वाढलेल्या विंगरला एक सवय हमखास लागते. चेंडू उसळतो, वाकडा येतो, पावसाळ्यात चिखलात अडकतो, म्हणून मुलगा तो आधी पूर्ण थांबवतो आणि मग मान वर करतो. डाव्या विंगवर उजव्या पायाच्या मुलाचे काय होते ते पाहा. तुमचा फुलबॅक मागून चेंडू देतो. तुमची पाठ टचलाइनकडे (मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे) आणि छाती मैदानाकडे असेल, तर चेंडू तुमच्या उजव्या बाजूने येतो. तुम्ही सवयीने तो उजव्या पायाने अडवता. तिथेच चेंडूची गती मरते, तुम्हाला वळायला आणखी एक स्पर्श लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा फुलबॅक तुमच्या छातीशी येऊन उभा राहतो. तोच चेंडू उजव्या पायासमोरून जाऊ देऊन डाव्या, म्हणजे पुढच्या गोलच्या बाजूच्या पायाने घेतला, तर पहिल्या स्पर्शातच तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे निघालेला असतो आणि फुलबॅकला मागे हटावे लागते. यासाठी चेंडू येण्याआधी खांद्यावरून एकदा मागे पाहिलेले असले पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक विंगरांच्या बाबतीत पहिला हंगाम याच एका गोष्टीवर जातो, आणि तो गेल्याचे मला कधीच वाईट वाटत नाही.

दुसरी बाब डाव्या पायाची. उजव्या पायाचा विंगर डावीकडे खेळवण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. गोव्याचा लिस्टन कोलासो डावीकडून आत येत उजव्या पायाने मारतो, आणि छांगटे हा डाव्या पायाचा असून उजवीकडे खेळतो. त्यामुळे तुमची जागा योग्यच आहे. परंतु स्थानिक सामन्यांत तुम्ही दर वेळी आत वळून मारत असाल आणि ते चालून जात असेल, तर चांगल्या पातळीवर ते फार तर दोनदा चालेल. तिसऱ्यांदा फुलबॅक आतली वाट अडवून उभा राहील आणि बाहेरची मोकळी सोडेल, कारण तुमचा डावा पाय काही करणार नाही हे त्याला कळलेले असेल. बाहेरून जाऊन गोलरेषेजवळून डाव्या पायाने चेंडू जमिनीलगत मागे, पेनल्टी स्पॉटच्या आसपास देता आला पाहिजे. त्या चेंडूवर तुमचे खेळाडू समोरून धावत येतात आणि बचावपटू स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात, म्हणून तो उंच क्रॉसपेक्षा अडवायला अवघड जातो. हा एकच चेंडू रोज, सराव संपल्यावर, दमलेल्या पायांनी मारा, कारण सामन्यातही तो दमलेल्या पायांनीच मारावा लागतो.

तिसरी बाब चेंडू गमावल्यानंतरची आहे. आपल्या भागातील स्पर्धांत प्रेक्षक विंगरला चेंडू पायात असतानाच पाहतात, म्हणून चेंडू गेला की मुलगा कमरेवर हात ठेवून उभा राहतो. व्यावसायिक प्रशिक्षक नेमके तेव्हाच पाहत असतो. लगेच दडपण आणणे, नाहीतर मागे धावत आपल्या फुलबॅकला आधार देणे, हे जो करत नाही तो कितीही गुणी असला तरी संघात टिकत नाही. हे नीट केले तर एक लाभही होतो. आशिक कुरुनियन डाव्या विंगवरून आलेला खेळाडू, पण बेंगळुरू एफसीने त्याला डाव्या बचावफळीतही खेळवले. निखिल पुजारी विंगवरून उजव्या फुलबॅकच्या जागी गेला. विशीच्या आत-बाहेर तुम्हालाही कोणीतरी फुलबॅक खेळायला सांगेल. त्याला अपमान समजू नका.

आता तुमच्यासमोरच्या ठिकाणांकडे येतो. कोल्हापूरबद्दल मला मनापासून आदर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल अशा पेठांच्या आणि तालमींच्या संघांचा सामना पाहिला की फुटबॉलवर एवढे प्रेम करणारे गाव महाराष्ट्रात दुसरे नाही असे वाटते, आणि गच्च भरलेल्या प्रेक्षागृहासमोर खेळण्याचा धीर 18 व्या वर्षी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. खानापूरहून कोल्हापूर जवळ आहे, भाषा आपली आहे, मानधन हाती येते. पण तिथे प्रत्येक सामना पेठेच्या प्रतिष्ठेचा असतो, त्यामुळे नवा मुलगा चुकला की त्याला बाहेर काढण्याचा दबाव लगेच येतो, आणि चूक सुधारून घेण्याइतका वेळ प्रशिक्षकाकडे असतोच असे नाही. मंडळाला तुमच्याकडून या हंगामात गोल हवे आहेत. तीन वर्षांनी तुम्ही कुठे असाल याचा विचार करणे हे त्यांचे काम नाही, आणि तशी अपेक्षाही आपण ठेवू नये.

बंगळूरच्या सुपर डिव्हिजनमध्ये प्रेक्षक थोडे असतात, मानधन सुरुवातीला कदाचित कोल्हापूरपेक्षा कमी असेल, आणि शहर महाग आहे. मात्र बंगळूर फुटबॉल स्टेडियमच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तुम्ही व्यावसायिक क्लबांच्या दुसऱ्या फळीविरुद्ध खेळता, कारण बेंगळुरू एफसीचा राखीव संघही याच लीगमध्ये उतरतो. राज्याच्या संघाची निवड करणारे डोळेही तिथेच असतात. कर्नाटकाने मार्च 2023 मध्ये रियाधला झालेल्या अंतिम सामन्यात मेघालयाला 3-2 असे हरवून 54 वर्षांनी संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, तेव्हापासून या लीगकडे बाहेरच्या क्लबांचे लक्षही वाढले आहे, असा माझा अनुभव आहे. एससी बेंगळुरू तर आय-लीग 2 जिंकून 2024-25 मध्ये आय-लीग, म्हणजे आयएसएलच्या लगेच खालची लीग, खेळला. खालून वर जाण्याची शिडी तिथे निदान दिसते तरी. भाषेची काळजी तुम्ही करू नका. सीमाभागातील मुलाला मराठी, हिंदी आणि थोडीफार कन्नड येते, आणि ज्या ड्रेसिंग रूममध्ये कन्नड, तमिळ, मल्याळम, मणिपुरी मुले एकत्र असतात तिथे ही फार मोठी शिदोरी आहे.

तुम्ही गोव्याचा उल्लेखच केलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. तुमच्याच तालुक्यातील लोंढा जंक्शनवरून गाडी कॅसलरॉक, कुळे करत मडगावला जाते, आणि बेळगावहून चोर्ला घाटाने पणजी काही तासांवर आहे. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग अशा जुन्या क्लबांची परंपरा, वयोगटांच्या स्पर्धा आणि गोवा प्रोफेशनल लीग, हे सगळे आपल्याला बंगळूरपेक्षा कितीतरी जवळ आहे. गोव्यातील खेळ चेंडू पायात ठेवून खेळण्याचा आहे, आणि फक्त धावण्याच्या जोरावर खेळणाऱ्या आपल्याकडच्या विंगरला तो अनेक गोष्टी शिकवतो. तिथे स्थानिक मुलांचीच संख्या मोठी असल्यामुळे बाहेरच्याला जागा मिळवणे कठीण जाते, हेही खरे. तरी बंगळूरची ट्रायल जमली नाही, तर दुसरा प्रयत्न मी गोव्यात करायला सांगेन.

मोठ्या क्लबच्या नावावर विसंबू नका असे मी म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. पुण्यात एकेकाळी पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी असे संघ होते. आज त्यांपैकी एकही राहिलेला नाही. 2025 मध्ये तर व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्यामुळे खुद्द आयएसएलचा हंगामच लांबणीवर पडला आणि नामवंत खेळाडूंनाही पुढे काय होणार हे कळेनासे झाले. आपल्या देशात क्लब जातात, लीगची रचना बदलते. खेळाडूकडे शेवटी त्याने खेळलेल्या सामन्यांची नोंद आणि चित्रफीत उरते. म्हणून बेळगावच्या सामन्यांपासूनच उंचावरून, संपूर्ण मैदान दिसेल असे मोबाइलवर चित्रण करून घ्या. निव्वळ गोल आणि ड्रिबलिंग जोडून केलेली दोन मिनिटांची फीत पाहून कोणताही जाणता प्रशिक्षक निर्णय घेत नाही. तो एखादा संपूर्ण सामना मागतो.

ट्रायलचे तंत्र विंगरसाठी वेगळे असते, आणि ते कोणी सांगत नाही. अनोळखी मुलांचे दोन संघ पाडून वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ होतो. प्रत्येकाला स्वतःला दाखवायचे असल्यामुळे मधला खेळाडू चेंडू बाहेर देतच नाही, आणि विंगरच्या वाट्याला तो तीन-चार वेळाच येतो. खेळ सुरू होण्याआधी आपल्या बाजूच्या डाव्या फुलबॅकला जाऊन भेटा, त्याचे नाव विचारा, चेंडू पायात हवा की मागच्या मोकळ्या जागेत हे सांगा, आणि तो पुढे गेला तर त्याची जागा तुम्ही सांभाळाल असा शब्द द्या. तेवढ्या ओळखीवर त्याचा पहिला पास तुमच्याकडे येतो. पहिला चेंडू साधा खेळा. दुसऱ्या वेळी अंगावर जा. चेंडू नसताना केलेली मागची धाव पाहणाऱ्याच्या वहीत लिहिली जाते, हे विसरू नका. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर बसून सकाळी थेट मैदानावर उतरू नका, आदल्या दिवशीच पोहोचा, कारण आखडलेल्या मांडीने पूर्ण वेगाची पहिली धाव घेतली की स्नायू फाटतो. टर्फसाठी आखूड आणि अधिक स्टडचे बूट घ्या. मातीवरचे लांब स्टड टर्फमध्ये रुततात आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो.

मांडीमागच्या स्नायूचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबतो. विंगरचे करिअर सर्वांत जास्त वेळा इथेच अडते. युरोपातील व्यावसायिक क्लबांच्या दीर्घ पाहणीत एकूण दुखापतींमधील या दुखापतीचे प्रमाण 2001-02 मध्ये 12 टक्के होते, ते 2021-22 पर्यंत 24 टक्क्यांवर गेले. खेळ वेगवान झाल्याचाच हा परिणाम मानला जातो. नॉर्डिक हा साधा व्यायाम, म्हणजे गुडघ्यांवर उभे राहून कोणाला तरी घोटे घट्ट धरायला लावणे आणि शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकणे, नियमित केल्यास ही दुखापत जवळपास निम्म्याने कमी होते असे अभ्यासांत दिसले आहे. त्याला ना जिम लागते ना पैसे. घरचे दूध, अंडी, कडधान्ये, भाकरी यांवर तुमचे शरीर उत्तम घडेल. पावडरच्या डब्यांवर या वयात खर्च करण्याची गरज नाही.

कागदपत्रांबाबत सीमाभागातील मुलांना एक विशेष सावधगिरी घ्यावी लागते. कोल्हापूरचा क्लब महाराष्ट्राच्या संघटनेखाली येतो, बंगळूरचा कर्नाटकाच्या, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत एका वेळी तुम्ही एकाच क्लबचे असता. त्यामुळे दोन्हीकडे सह्या करून ठेवल्या आणि मग जे जमेल तिकडे गेलो, असे चालत नाही; वाद झाला तर संपूर्ण हंगाम बसून काढावा लागतो. फिफाच्या नियमांनुसारही एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी आणि त्यांपैकी साधारणपणे दोनच क्लबांकडून अधिकृत सामने, अशी मर्यादा आहे. कोल्हापूरच्या मंडळाला आज स्पष्टपणे सांगा की ट्रायलचा निकाल लागेपर्यंत सही करता येणार नाही. त्यांनी मुदत दिली नाही तर काय करायचे, हा निर्णय तुमचा, पण त्यांना अंधारात ठेवू नका.

करार समोर आला तर महिन्याची रक्कम, राहण्या-जेवणाची सोय, दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार आणि मधेच सोडल्यास काय, हे सगळे लेखी असले पाहिजे, आणि त्याची प्रत तुमच्याकडे असली पाहिजे. व्यावसायिक करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असू शकतो. तुमच्या वयात मी एक किंवा दोन वर्षांपलीकडे जाऊ नये असे म्हणेन. फिफाच्या नियमांत दोन महिन्यांचा पगार थकल्यास 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन करार सोडण्याची तरतूद आहे, पण करारच तोंडी असेल तर तिचा उपयोग होत नाही. एजंटची तुम्हाला अजून गरज नाही. आणि थेट आयएसएलची ट्रायल देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. आपल्या भागातील अनेक कुटुंबांनी असे पैसे गमावलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांत कर्ज काढून दिलेले पैसेही होते.

वडिलांच्या म्हणण्याकडे मी विरोध म्हणून पाहत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, घराघरांत कोणीतरी सैन्यात आहे, आणि त्या नोकरीचे मोल त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शिवाय सैन्य आणि फुटबॉल या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. सेनादलाचा संघ संतोष ट्रॉफीतला बलाढ्य संघ आहे, 2023-24 ची ट्रॉफी त्याने गोव्याला हरवून जिंकली, आणि सैन्याचे संघ ड्युरँड कपमध्ये आयएसएलच्या संघांविरुद्ध खेळतात. रेल्वे, पोलीस यांचेही संघ आहेत. या सर्व ठिकाणी खेळाडू म्हणून जायचे असेल तर साधारणपणे राज्य किंवा त्यावरच्या पातळीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवण्याचा मार्ग पुन्हा चांगल्या लीगमधूनच जातो. वडिलांना हे असे समजावून सांगा: बंगळूरला घालवलेली दोन वर्षे भरतीपासून दूर नेत नाहीत, उलट खेळाडू म्हणून भरती होण्याची शक्यता वाढवतात. मात्र भरतीच्या वयाची मर्यादा एका कागदावर लिहून घरात लावा आणि ती तारीख दोघांनीही मान्य करा. शिक्षणही सोडू नका. बी.ए. किंवा बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून करता येते, आणि सकाळचा सराव संपल्यानंतर खेळाडूकडे दिवसाचा बराच वेळ रिकामाच असतो.

तुमच्या जागी असतो तर मी प्रथम बंगळूरच्या ट्रायलला गेलो असतो. जाण्याआधी वडिलांना शेजारी बसवून त्या क्लबच्या व्यवस्थापकाला फोन करा आणि विचारा की डाव्या विंगवर सध्या कोण कोण आहेत, गेल्या हंगामात 20 वर्षांखालील किती मुले मुख्य संघातून नियमित खेळली, आणि राहण्याची व्यवस्था कुठे आहे. जो क्लब याची सरळ उत्तरे देतो, तिथे निवड झाल्यास मानधन कमी असले तरी जा. निवड झाली पण तुमच्या जागी आधीच तिघे असतील आणि खेळायला मिळण्याची शक्यता दिसत नसेल, तर कोल्हापूरचा एक हंगाम खेळा, प्रत्येक सामन्याचे चित्रण ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात गोवा किंवा बंगळूर पुन्हा गाठा. ट्रायलला जाताना जन्माचा मूळ दाखला, आधार कार्ड, महासंघाच्या नोंदणीचा क्रमांक आणि आताच्या क्लबचे ना-हरकत पत्र बरोबर ठेवा. ते पत्र आजच मागून घ्या, कारण आपल्याकडे पदाधिकारी सुट्टीवर गेले की एका सहीसाठी पंधरा दिवस निघून जातात.